काटा हलला तेव्हा...

आयुष्यभर भूकंप मोजणाऱ्या फुसाकिचि ओमोरींनी आपल्याच शहराचा भूकंप पाहिला, तो साधारण ७,८०० किलोमीटरवरून. आणि जपून राहा असं त्या शहराला सांगणाऱ्या ज्युनिअरला गप्प बसवलं होतं, तेही त्यांनीच.

१ सप्टेंबर १९२३, शनिवार. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या रिव्हरव्ह्यू कॉलेजच्या वेधशाळेत एक जपानी पाहुणे आले होते. वय ५४. प्रशांत महासागराभोवतीच्या देशांची विज्ञान परिषद तेव्हा ऑस्ट्रेलियात भरली होती, त्यासाठी त्यांचा दौरा होता. भूकंपशास्त्रातला माणूस गावात आला आणि तिथे भूकंपमापक आहे, तर तो बघितल्याशिवाय जाणार कसा?

पाहुणे यंत्रापाशी उभे असतानाच काटा हलला. आधी थरथरला, मग जोरजोरात इकडून तिकडे जायला लागला. कुठेतरी फार लांब, फार मोठा भूकंप झाला होता. रेघ वाचण्यात तर या माणसाचा हात जगात कुणी धरला नसता. थोड्याच वेळात तारेने बातमी आली. भूकंप टोकियोत झाला होता आणि टोकियो जळत होतं.

ते पाहुणे म्हणजे टोकियोच्या इम्पिरिअल विद्यापीठातले भूकंपशास्त्राचे प्राध्यापक फुसाकिचि ओमोरी. टोकियोला एवढ्यात मोठा धोका नाही, असं लोकांना वर्षानुवर्षं समजावून सांगणारे जपानमधले सगळ्यात मोठे तज्ज्ञ.

सामुराईच्या घरातला पोरगा

ओमोरींचा जन्म ३० ऑक्टोबर १८६८चा, फुकुई गावातला, सामुराई घराण्यातला. हे वर्ष जपानच्या इतिहासात फार मोठं. याच वर्षी शोगुनांची सत्ता संपली आणि मेइजी काळ सुरू झाला. तलवारी म्यान झाल्या आणि सामुराईंची पोरं इंग्रजी, गणित आणि फिजिक्सच्या मागे लागली. सरकारने परदेशी प्राध्यापकांना भरघोस पगार देऊन बोलावलं. त्यांच्यात जॉन मिल्न नावाचा इंग्रज खाणतज्ज्ञ होता. १८८०मध्ये योकोहामाला भूकंपाचा धक्का बसला आणि मिल्नने सहकाऱ्यांना घेऊन भूकंपाच्या अभ्यासाची संस्थाच काढली. जपानमध्ये भूकंप काही नवा नव्हता, पण तो नोंदवायचा आणि मोजायचा, हे नवं होतं.

ओमोरी याच वातावरणात शिकले. १८९०मध्ये पदवी हातात पडली आणि ते भूकंपाच्या अभ्यासाला लागले. पुढच्याच वर्षी परीक्षा आली, आणि ती कागदावरची नव्हती.

नोबीचा धडा

२८ ऑक्टोबर १८९१. ओमोरींच्या २३व्या वाढदिवसाला दोन दिवस बाकी होते. सकाळी मध्य जपानमधला नोबीचा सखल प्रदेश हादरला. ७,२७३ माणसं गेली, लाखाच्या वर घरं पडली. पाश्चात्त्य पद्धतीने बांधलेल्या विटांच्या गिरण्या कोसळल्या, नागारा नदीवरचा नवाकोरा रेल्वेपूल पडला. नेओ खोऱ्यात तर जमीन फाटली आणि एका ठिकाणी दोन्ही बाजूंमध्ये सहा मीटरची पायरी तयार झाली. दोन मजली घराएवढी!

सरकार हललं. १८९२मध्ये भूकंपाच्या चौकशीसाठी कायमची समिती नेमली गेली आणि पुढे ओमोरी तिचा कणा झाले. पण त्याआधी या पोराने एक साधं वाटणारं काम हाती घेतलं. मुख्य धक्क्यानंतर छोटे धक्के बसतच होते. लोक घाबरून घरात जायला तयार नव्हते. ओमोरींनी हे पश्चात धक्के मोजायला घेतले. आज किती, उद्या किती, महिन्याने किती. हजारो नोंदी.

त्यातून १८९४मध्ये जो नियम निघाला तो आजही त्यांच्याच नावाने शिकवला जातो. धक्के कसेही, वेडेवाकडे थांबत नाहीत. पहिल्या दिवशी जितके, त्याच्या साधारण दहावा भाग दहाव्या दिवशी आणि साधारण शंभरावा भाग शंभराव्या दिवशी. म्हणजे सुरुवातीला झपाट्याने कमी होतात, पण शेपूट मात्र लांबत जातं. पुढे उत्सु नावाच्या शास्त्रज्ञाने त्यात सुधारणा केली, गाभा तोच राहिला. १९९३ला किल्लारीत घरं पडल्यावर लोक किती तरी दिवस उघड्यावर झोपत होते. पुन्हा धक्का बसेल का, हा त्यांचा प्रश्न आणि १८९१मध्ये नोबीतल्या माणसाचा प्रश्न एकच होता. त्याला आकड्यातलं पहिलं उत्तर २५ वर्षांच्या एका तरुणाने दिलं होतं.

काजळीवरची रेघ

यानंतर ओमोरी युरोपात शिकून आले आणि १८९७मध्ये परत येऊन प्राध्यापक झाले. मग त्यांनी स्वतःचा भूकंपमापक बनवला. कल्पना सोपी आहे. एसटीने अचानक ब्रेक मारला की उभा माणूस पुढे जातो, कारण गाडी थांबली तरी त्याचं अंग थांबायला तयार नसतं. तसंच एक जड वजन आडव्या दांडीला लावून टांगायचं. जमीन हलते, पण ते वजन चटकन हलत नाही. त्याला जोडलेली सुई, फिरणाऱ्या डब्यावरच्या काजळी धरलेल्या कागदावर टेकवून ठेवायची. जमीन शांत असेल तर सरळ रेघ, हलली की नागमोडी.

ही रेघ वाचण्याची एक युक्तीही ओमोरींनी सोप्या सूत्रात बसवली. वीज आधी दिसते, गडगडाट मागाहून येतो आणि मधल्या वेळावरून वीज किती लांब पडली याचा अंदाज येतो, हे आपल्या आजी-आजोबांनाही ठाऊक असतं. भूकंपाचंही तसंच. आधी वेगवान, हलकी लाट येते. मग सावकाश, पण जोरकस लाट. दोन्हींमधले सेकंद मोजायचे आणि त्यांना साधारण साडेसातने गुणायचं, की जवळच्या भूकंपाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. दहा सेकंद म्हणजे अदमासे ७५ किलोमीटर. अशी तीन ठिकाणची अंतरं मिळाली, की नकाशावर तीन वर्तुळं काढायची. ती जिथे एकमेकांना छेदतील तिथे भूकंपाचं केंद्र.

त्यांच्या यंत्राला जर्मनीत बॉश नावाच्या कारागिराने आणखी घडवलं आणि बॉश-ओमोरी भूकंपमापक जगभर गेले. हवाई बेटावर १९१२मध्ये ज्वालामुखीची वेधशाळा सुरू झाली, तिथेही ओमोरींचीच पद्धत होती.

जिथे भूकंप, तिथे ओमोरी

तो काळ विमानांचा नव्हता. तरी मोठा भूकंप झाला की ओमोरी बोटीत बसलेच म्हणून समजा. १९०५च्या कांगडा भूकंपानंतर ते आपल्याकडे भारतात येऊन गेले. १९०६मध्ये सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झालं, तिथे गेले. तिथे तेव्हा आशियाई लोकांबद्दल प्रचंड द्वेष होता. रस्त्यात टवाळ पोरांनी या प्राध्यापकावर दगड भिरकावले. ओमोरींनी त्याचा बाऊ केला नाही. काम संपवलं, मगच परतले.

१९०८च्या अखेरीस इटलीतलं मेसिना शहर भुईसपाट झालं. तिथल्या पाहणीनंतर त्यांनी जे मांडलं ते आजही भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. धक्का मोठा होता हे खरं, पण इतकी माणसं मेली ती कच्च्या दगडी बांधकामामुळे. किल्लारीतही दगड-मातीच्या जाडजूड भिंतींनीच माणसं गाडली. माणूस भूकंपाने कमी आणि घराने जास्त मरतो. म्हणूनच ओमोरी नुसते जमिनीला यंत्रं लावून थांबले नाहीत. गिरण्यांची धुराडी, पूल, देवळांचे मनोरे, काही काही सोडलं नाही. सगळ्यांची थरथर मोजली.

सिनियर आणि ज्युनिअर

आता गोष्टीतला दुसरा माणूस. अकित्सुने इमामुरा. ओमोरींपेक्षा दोनच वर्षांनी लहान, त्याच विभागात सहयोगी प्राध्यापक. पण पद बिनपगारी! पोटापाण्यासाठी लष्कराच्या शाळेत शिकवायचं आणि उरलेल्या वेळात भूकंपाचा अभ्यास. ही तारेवरची कसरत त्यांनी वीसेक वर्षं केली.

इमामुरांनी यंत्राबरोबर जुनी दप्तरंही वाचली होती. टोकियोत, म्हणजे जुन्या एडोमध्ये, १६४९, १७०३ आणि १८५५ असे विनाशकारी भूकंप होऊन गेले होते. सरासरी शंभर वर्षांनी एक. शेवटच्याला पन्नास वर्षं झाली होती. म्हणजे येत्या पन्नास वर्षांत कधीही पुढचा येऊ शकतो. आणि या वेळी खरा वैरी आग असेल, कारण शहर लाकडाचं, घराघरात रॉकेलचे दिवे आणि धक्क्याने पाण्याचे नळ फुटले तर बंबात घालायला पाणीच नाही. एक ते दोन लाख माणसं जातील, असा त्यांचा हिशोब होता. सप्टेंबर १९०५मध्ये त्यांनी एका मासिकात हे सगळं लिहिलं. हेतू सरळ होता. रॉकेलचे दिवे काढा, वीज आणा, आगीची तयारी ठेवा.

लेख आला आणि गेला. पण जानेवारी १९०६मध्ये एका वर्तमानपत्राने त्यातला मृतांचा आकडा उचलून सनसनाटी बातमी केली. आजच्या भाषेत सांगायचं तर लेख व्हायरल झाला, फक्त उपाय गाळून. फेब्रुवारीत खरोखरच दोन-तीन धक्के बसले. वेधशाळेच्या नावाने मोठ्या भूकंपाची अफवाही उठली. लोक घरं सोडून मोकळ्या मैदानात पळाले.

विभागप्रमुख होते ओमोरी. लोकांचे जथे रस्त्यावर आलेले त्यांनी पाहिले. भूकंपाची तारीख सांगण्याइतकं आपलं शास्त्र पुढे गेलेलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नोंदींच्या सरासरीवरून काढलेलं भाकीत त्यांना कच्चं वाटलं, आणि घबराट धोक्याची. त्यांनी त्याच मासिकात लिहून इमामुरांचा मुद्दा निराधार ठरवला. गावगप्पा मारणारा, प्रसिद्धीला हपापलेला, असं काय काय इमामुरांना ऐकावं लागलं. १९१५मध्ये पुन्हा तेच झालं. लहान धक्क्यांची मालिका सुरू होती. ओमोरी बाहेरगावी होते. इमामुरांनी पत्रकारांना सावध राहायला सांगितलं. ओमोरी परतले आणि त्यांनी इमामुरांना चांगलंच झापलं.

दोघं रोज एकाच विभागात यायचे. दोघांनाही लोकांचे जीव वाचवायचे होते. एकाला भीती होती घबराटीची, दुसऱ्याला बेफिकिरीची.

उसू आणि साकुराजिमा

ओमोरी इशारा द्यायला घाबरायचे, असं मात्र समजू नका. जुलै १९१०मध्ये होक्काइदोतल्या उसू ज्वालामुखीच्या पायथ्याला धक्क्यांमागून धक्के बसायला लागले. तिथल्या पोलीस प्रमुखांनी पूर्वी ओमोरींची व्याख्यानं ऐकली होती. असे धक्के उद्रेकाची नांदी असू शकतात, हे त्यांच्या लक्षात होतं. उद्रेकाची वाट न बघता त्यांनी सुमारे १५,००० लोकांना हलवलं. डोंगर फुटला, पण गावं रिकामी होती. ओमोरींनी स्वतः तिथे जाऊन यंत्र लावलं आणि ज्वालामुखीच्या आतल्या हालचालींची एक वेगळीच, सलग थरथर कागदावर पकडली. आज जगभर ज्वालामुखीवर लक्ष ठेवताना हीच थरथर पाहतात. पुढच्या वर्षी असामा पर्वतावर जपानची पहिली ज्वालामुखी वेधशाळा उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने.

पण १९१४ साली दक्षिणेत साकुराजिमा बेटावर उलटं घडलं. जानेवारीत धक्के सुरू झाले. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी मागच्या उद्रेकाच्या खुणा ऐकलेल्या होत्या, बरेच गावकरी आपणहून होड्यांत बसले. मात्र कागोशिमाच्या हवामान केंद्राकडे विचारणा केली तेव्हा साकुराजिमाला धोका नाही, असं उत्तर आलं. त्या उत्तरावर विसंबून राहिलेले अडकले. १२ जानेवारीला डोंगर फुटला. काही जण जानेवारीच्या गारठलेल्या समुद्रात पोहत निघाले आणि बुडाले. लाव्हा इतका वाहिला की बेट बेट राहिलं नाही, पलीकडच्या भूमीला जोडलं गेलं. गावाने पुढे एक दगडी स्मारक उभारलं. तज्ज्ञांच्या म्हणण्यावर डोळे झाकून विसंबू नका, लक्षणं दिसली की निघायची तयारी करा, असा त्याचा आशय आहे.

ओमोरी तिथेही गेले. खाडीभोवतीची जमीन खचल्याचं त्यांनी मोजून दाखवलं. पण त्या चटक्यातला धडा टोकियोला लागू आहे, असं त्यांना तेव्हा वाटलं नाही.

दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटं

१९२२च्या वसंतात टोकियोजवळ एक बऱ्यापैकी भूकंप झाला. जमिनीतला ताण त्यात मोकळा झाला, आता शहर काही काळ सुरक्षित, असा ओमोरींचा अंदाज होता. पुढच्या वर्षी ते ऑस्ट्रेलियाला निघाले. डोकं दुखत होतं, तब्येत बरी नव्हती. विभाग इमामुरांच्या हाती सोपवून गेले.

१ सप्टेंबरला सकाळी ११ वाजून ५८ मिनिटांनी इमामुरा आपल्या खोलीत बसले होते. खोली हलली. ते जागचे हलले नाहीत, सेकंद मोजत राहिले. धक्का थांबल्यावर नोंदी बघितल्या. केंद्र निघालं सागामीच्या उपसागरात. तिथेच, जिथे त्यांनी म्हटलं होतं.

घराघरात दुपारचा स्वयंपाक चालू होता, शेगड्या पेटलेल्या होत्या, वारा सोसाट्याचा होता. नळ फुटले. आग दोन दिवस आटोक्यात आली नाही. होन्जो भागात एका मोकळ्या मैदानात जीव वाचवायला जमलेली सुमारे ३८,००० माणसं आगीच्या वावटळीत गेली. एकूण बळी एक लाखाच्या वर, त्यातले बहुतेक आगीचे. कोरियन लोकांनी विहिरीत विष घातल्याच्या अफवा पसरल्या आणि जमावांनी हजारो निरपराध कोरियनांना ठार मारलं. घबराट माणसाला कुठे नेते, हे भयंकर रीतीने दिसलं. एका अर्थी ओमोरींची भीतीही खरी होती.

ओमोरी मिळेल त्या बोटीने निघाले. वाटेतच त्यांची प्रकृती ढासळली. मेंदूत गाठ होती. ४ ऑक्टोबरला बोट योकोहामाला लागली तेव्हा समोर बंदर नव्हतं, ढिगारे होते. इमामुरा घ्यायला आले होते. आजारी ओमोरींनी आपली चूक झाल्याचं त्यांच्यापाशी कबूल केलं आणि पुढचं काम त्यांच्या हाती दिलं. ८ नोव्हेंबर १९२३ला, वयाच्या ५५व्या वर्षी ते गेले.

मग चुकलं कोण?

इमामुरा प्राध्यापक झाले. १९२५मध्ये टोकियो विद्यापीठात भूकंप संशोधन संस्था उभी राहिली. म्हटलं तर गोष्ट सरळ आहे. ज्युनिअर जिंकला, सिनियर हरला. पण तसं म्हणणं ओमोरींवर अन्याय होईल. तारीख सांगता येत नाही, हे त्यांचं म्हणणं तेव्हा खरं होतं आणि शंभर वर्षांनंतर आजही खरंच आहे. जगातली कुठलीही संस्था अमक्या दिवशी अमक्या ठिकाणी भूकंप होईल, असं सांगू शकत नाही. तसं सांगणारा मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर आला तर बिनधास्त डिलीट करा.

ओमोरी चुकले ते पुढच्या पायरीवर. तारीख सांगता येत नाही म्हणजे धोका नाही, असं होत नाही. रॉकेलचे दिवे काढायला तारीख लागत नव्हती. नळ फुटले तर पाणी कुठून आणायचं, याचा विचार करायलाही लागत नव्हती. इमामुरांच्या लेखातला तेवढा भाग दोघांनी मिळून शहराला सांगितला असता तर?

हा प्रश्न टोकियोपुरता नाही. २०१८च्या नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा लोकांनी थंडीत तंबूंमध्ये रात्री काढल्या. तिथे यंत्रं बसली, काटे हलले, आकडे आले. पण पाड्यावरच्या आजीला त्या आकड्याचं काय करायचं असतं? तिला विचारायचं असतं एवढंच, की बाळा, घरात झोपू का बाहेर? आणि या भिंतीचं काय करू?

यातल्या कशाचं उत्तर माहीत आहे आणि कशाचं नाही, हे तिला न घाबरवता, न फसवता सांगता येणं, हे भूकंप मोजण्याइतकंच अवघड काम आहे. ओमोरींना पहिलं काम जगात सगळ्यात उत्तम जमलं. दुसरं हुकलं. भूकंपशास्त्रात, हवामानशास्त्रात किंवा आपत्ती व्यवस्थापनात करिअर करायचं मनात असेल, तर ही दोन्ही कामं शिकून घ्या.